न फसणाऱ्यांच्या बैठकीत

पत्राचा सारांश: कर्वेनगरात राहणाऱ्या, एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात नोकरी करणाऱ्या ४७ वर्षांच्या वाचक भगिनींचे पत्र आले आहे. २०२० च्या टाळेबंदीत मुलाला गुंतवून ठेवण्यासाठी त्यांनी व्हिडिओ पाहून जादूचे प्रयोग शिकायला सुरुवात केली आणि मुलापेक्षा त्यांनाच त्याचा नाद लागला. नाणी, दोरी आणि पत्ते यांचे प्रयोग त्या भिशीत, सोसायटीच्या गणपतीत आणि नातेवाइकांकडच्या वाढदिवसांना करतात. हौशी आणि व्यावसायिक जादूगारांच्या एका स्थानिक संघाने त्यांना सभासद होण्याविषयी विचारले आहे. संघाची बैठक महिन्यातून एका रविवारी पेठेतल्या एका शाळेच्या वर्गात भरते. प्रवेशासाठी दोन सभासदांची शिफारस, सर्वांसमोर आठ मिनिटांचा प्रयोग, वार्षिक वर्गणी आणि ‘संघाबाहेरील कोणासही रहस्य सांगणार नाही’ अशी लेखी शपथ लागते. तेथे जवळपास सगळे पुरुष आहेत. त्यांच्यापैकी एक व्यावसायिक पहिल्याच भेटीत म्हणाले, “तुम्ही लोक फुकट प्रयोग करता, म्हणून आमचे दर पडतात.” पतीचे म्हणणे, “या वयात हे काय नवीन?” तेरा वर्षांचा मुलगा त्यांचा सहायक आहे आणि त्याला प्रत्येक प्रयोग ठाऊक आहे. त्या लिहितात, “घरात आता कोणी चकित होत नाही आणि बाहेरचे सगळे सारखेच चकित होतात. सही केल्यावर मी मुलाशी खोटे बोलायचे, की शपथेशी?”

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. संघ तुम्हाला घेईल का, तेथले लोक तुम्हाला काय समजतील, घरचे काय म्हणतील, यावर तुम्ही जवळपास दोन पाने लिहिली आहेत. मात्र त्या संघाकडून तुम्हाला काय हवे आहे, याबद्दल पत्रात सरळ अशी एकही ओळ नाही. जी आहे ती आडून आली आहे, आणि तुमच्या साऱ्या पत्रातली तीच ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते: बाहेरचे सगळे सारखेच चकित होतात. ही तक्रार जादू शिकू लागलेल्या माणसाची नाही, शिकून काही वर्षे झालेल्या आणि पुढे सरकणे थांबलेल्या माणसाची आहे.

मी स्वतः जादूगार नाही. पण आमच्या जुन्या वाड्यात टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक हौशी जादूगार राहत असत आणि संध्याकाळी ओसरीवर आम्हा मुलांना नाण्याचा एक प्रयोग करून दाखवत. उजव्या हातातले नाणे डाव्या हातात ठेवायचे, मूठ मिटायची, फुंकर मारायची आणि मूठ उघडावी तर नाणे नाही. वर्षानुवर्षे आम्ही टाळ्या वाजवल्या. एकदा त्यांच्याकडे त्यांचे मित्र आले, तेही याच नादातले. त्यांनी प्रयोग पाहिला, टाळी वाजवली नाही, चहाचा कप खाली ठेवला आणि दोनच शब्द बोलले, “डावा खांदा.” मूठ मिटताना काकांचा डावा खांदा जरासा वर जात असे. हातात खरेच वजन असेल तर खांदा असा वर जात नाही. तो वर गेला, की मूठ रिकामी आहे हे पाहणाऱ्याला कळो न कळो, काहीतरी खटकते. काका त्या रात्री ओसरीवर बराच वेळ बसून होते. पुढे आठवडाभर त्यांनी आम्हाला प्रयोग दाखवला नाही, आणि नंतर दाखवला तेव्हा त्यात काय बदलले हे आम्हाला सांगता आले नसते. फक्त एवढेच, की आमच्यातला सर्वांत चौकस मुलगा “मुठीतच आहे, मुठीतच आहे” असे पहिल्यांदा ओरडला.

आम्ही पंचवीस मुले जे देऊ शकलो नाही ते त्या एका माणसाने दोन शब्दांत दिले, कारण तो फसणाऱ्यांपैकी नव्हता. जादूगारांच्या संघाकडे नवी माणसे बहुतेक रहस्ये मिळतील म्हणून येतात. रहस्यांचा आज तुटवडा नाही. तुम्हीच ती घरबसल्या मोबाइलवर शिकलात. तुटवडा आहे तो प्रयोग आतून ठाऊक असलेल्या आणि तरीही तो नीट पाहणाऱ्या प्रेक्षकाचा. पती “छान” म्हणतात, आत्या “अगं बाई!” म्हणतात, मुलाला सगळे माहीत असल्यामुळे तो पाहतच नाही, आणि आरसा तर याहून फसवा. आरशासमोर सराव करणाऱ्या पुष्कळांचे डोळे नेमक्या त्या क्षणी, हाताने करायची ती चोरी, म्हणजे प्रेक्षकांपासून लपवायची हालचाल, करताना आपोआप मिटतात. आपली चूक आपणच पाहायची टाळतो आणि आपल्याला ते कळतही नाही. संघात जा अथवा न जा, आजपासून आरसा सोडा आणि मोबाइल समोर ठेवून चित्रण करा, आणि ते त्याच दिवशी न पाहता दोन दिवसांनी पाहा.

दुसरी गोष्ट त्याहून बारीक आहे. तुम्ही लिहिता, की नाणे तळहातात धरून ठेवण्याचे जे प्रकार व्हिडिओत सहज दिसतात ते तुमच्या हाताला जमत नाहीत आणि “बायकांचा हात लहान, हेच खरे.” मला हे खरे वाटत नाही. परदेशी जादूगार बहुधा ज्या नाण्यावर शिकवतात ते अमेरिकेचे अर्ध्या डॉलरचे नाणे ३०.६ मिलिमीटर व्यासाचे आहे. आपले दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटरचे. साडेतीन मिलिमीटर हे कागदावर काहीच नाही, पण अंगठ्याचा फुगवटा आणि करंगळीखालची गादी यांच्यामध्ये नाणे पेलायचे असते तेव्हा पकडीची जागाच बदलते. म्हणजे व्हिडिओतल्या माणसाची पकड तशीच्या तशी उचलली तर ती मोठ्या हाताच्या पुरुषालाही दहाच्या नाण्यावर अवघड जाईल, आणि तुमच्या लहान हाताला दहाचे नाणे खरे तर सोयीचेच असायला हवे. पकड कोठे सरकवायची हे तुम्हाला आपल्या नाण्यांवर हात घासलेला माणूसच दाखवू शकेल, आणि असा माणूस त्या शाळेच्या वर्गात सापडण्याचा संभव बराच आहे.

जे तेथे कदाचित सापडणार नाही तेही सांगतो. जादूची बरीचशी साधने आणि हालचाली कोट घातलेल्या पुरुषाला डोळ्यांसमोर ठेवून घडल्या आहेत: बाहीची लांबी, आतला खिसा, पँटचा खिसा. साडीला खिसा नाही आणि पंजाबी ड्रेसला असला तर शिंप्याच्या कृपेने. याचे उत्तर संघातल्या पुरुषांपाशी तयार नसेल, ते तुम्हालाच शोधावे लागेल, आणि मला तर यात तोट्यापेक्षा संधीच जास्त दिसते, कारण पदर सावरणे, रुमाल कमरेला खोचणे, पर्समध्ये हात घालून काहीतरी शोधत राहणे या हालचालींचा कोणालाही संशय येत नाही. पुढचे मी लिहीत नाही. तुम्हाला समजले असेल, आणि ज्या वाचकांना समजले नाही त्यांना न समजलेलेच बरे.

आता शपथेकडे येऊ, कारण पत्राच्या शेवटी तुम्ही जो प्रश्न विचारला आहे तो तुम्हाला खरोखर छळतो आहे असे दिसते.

गोपनीयतेची शपथ म्हणजे सभासदांचा आडमुठेपणा, असे बाहेरच्याला वाटते. पण तिच्यामागे एक व्यावहारिक कारण आहे. जादूच्या प्रयोगाला कायद्याचे संरक्षण फार तोकडे मिळते. कॉपीराइट कल्पनेला मिळत नाही, तिच्या मांडणीला मिळतो. आणि पेटंट घ्यायचे तर कृती कागदावर जाहीर करावी लागते, म्हणजे रहस्य वाचवण्यासाठी आधी ते सांगून टाकायचे. होरेस गोल्डिन या जादूगाराने बाईचे करवतीने दोन तुकडे करण्याच्या आपल्या प्रयोगाचे १९२३ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतले. दहा वर्षांनी एका सिगारेट कंपनीने आपल्या जाहिरातींत तो प्रयोग फोडला, गोल्डिन न्यायालयात गेले आणि १९३८ मध्ये हरले, कारण पेटंटच्या कागदांत ते रहस्य त्यांनी स्वतःच जगापुढे मांडलेले होते. कायदा जे सांभाळू शकत नाही ते एकमेकांच्या शब्दावर सांभाळायचे, म्हणून हे संघ उभे राहिले. न्यूयॉर्कची सोसायटी ऑफ अमेरिकन मॅजिशियन्स १९०२ ची, लंडनचे मॅजिक सर्कल १९०५ चे. सर्कलच्या लॅटिन ब्रीदवाक्याचा आशयच ‘गुपित सांगणे ज्याच्या स्वभावात नाही’ असा आहे, आणि ते ब्रीद त्यांनी एवढे मनावर घेतले, की संस्थेचे पहिले अध्यक्ष डेव्हिड डेव्हंट यांनाच पुढे स्वतःच्या प्रयोगांची रहस्ये छापल्यावरून बाहेर काढले. स्वतःच्या रहस्यांवरही माणसाचा पूर्ण हक्क राहत नाही, हे मला आजही थोडे अतीच वाटते.

पण यातून तुमच्या मुलाबद्दल काय निघते? ज्याने प्रयोग शोधून काढला त्याच्या श्रमांचे रक्षण करणे हा शपथेचा हेतू असेल, तर तुमच्याकडची सगळी रहस्ये एकाच पिशवीत भरून चालणार नाही. जे तुम्ही व्हिडिओ पाहून किंवा विकत घेऊन संघाच्या आधी शिकलात आणि मुलाबरोबर बसून शिकलात, त्यावर संघाचा कोणताही अधिकार पोहोचत नाही. ज्याला आधीच ठाऊक आहे त्याच्यापासून लपवायचे म्हणजे नाटक करायचे. प्रयोगात जो सहायक असतो त्याला प्रयोग ठाऊक असावाच लागतो, अन्यथा पेटीचे झाकण कधी लावायचे हे त्याला कसे कळणार? मात्र बैठकीत एखाद्या सभासदाने स्वतः शोधलेला प्रयोग विश्वासाने उलगडून दाखवला, तर ते त्याचे आहे. ते मुलाला सांगण्याआधी त्याला विचारा, आणि तो “नको” म्हणाला तर घरी येऊन मुलाला सरळ सांगा, की हे माझे नाही म्हणून सांगत नाही. यात खोटे कोठेच बोलावे लागत नाही. तेरा वर्षांच्या मुलाला हा फरक कळतो. वर्गातल्या मित्राने सांगितलेले गुपित तो तुम्हाला सांगतो का, हे आठवून पाहा.

आपल्याकडे तर ही कला बहुतेक घराघरातूनच पुढे गेली आहे. पुण्याच्या जादूगार रघुवीर यांच्यानंतर त्यांचे चिरंजीव विजय रघुवीर आणि नातू जितेंद्र रघुवीर रंगमंचावर उभे राहिले, बंगालमध्ये पी. सी. सरकार यांच्या घरी पुढच्या पिढ्यांनी तेच केले आणि त्यांची नात मानेका आज स्वतः प्रयोग करते. घरातल्या मुलाला सांगणे हा गुन्हा मानला असता तर यांतले काहीच घडले नसते. तेव्हा सही करण्यापूर्वी चिटणिसांना लेखी विचारा, की सहायक म्हणून काम करणारे कुटुंबीय ‘संघाबाहेरील’ या शब्दात येतात का, आणि मुलांसाठी वेगळे सभासदत्व आहे का. लंडनच्या संस्थेची मुलांसाठी वेगळी शाखा आहे, त्यामुळे तुमचा प्रश्न विचित्र ठरण्याचे कारण नाही. उत्तर “मुलालाही सांगायचे नाही, आधीचेही नाही” असे आले, तर माझ्या मते सही करू नये.

पुरुषांचा घोळका, हा तुमचा तिसरा मुद्दा. येथे मी तुम्हाला “काळजी करू नका, जग बदलले आहे” असे सांगणार नाही, कारण जादूच्या जगात स्त्रीची जागा दीर्घकाळ पेटीच्या आत राहिली. १९२१ च्या जानेवारीत पी. टी. सेल्बिट यांनी लंडनच्या रंगमंचावर पेटीतल्या बाईला करवतीने कापून दाखवले. १९५६ मध्ये पी. सी. सरकार यांनी बीबीसीवर तेच केले आणि कार्यक्रम तिथेच संपल्यामुळे मुलगी खरेच मेली असे वाटून लोकांनी फोनचा भडिमार केला. करवत धरणाऱ्यांची नावे सर्वांना पाठ असतात. पेटीतल्या मुलीचे नाव किती जणांना सांगता येईल? अपवाद होते, त्यांत ठळक अ‍ॅडलेड हरमन: पती अलेक्झांडर यांचे १८९६ मध्ये निधन झाल्यावर त्यांनी तो सारा खेळ स्वतःच्या नावावर पुढे नेला. पण मॅजिक सर्कलने स्त्रियांना सभासदत्व दिले ते थेट १९९१ मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर ८६ वर्षांनी. त्याच वर्षी सोफी लॉइड नावाच्या बाई रेमंड लॉइड या तरुणाच्या वेषात परीक्षा देऊन आत गेल्या होत्या. स्त्रियांना दार उघडल्यावर त्यांनी खरे सांगितले आणि सर्कलने फसवणूक केल्याबद्दल त्यांनाच काढून टाकले. फसवण्यात पारंगत अशा परीक्षकांना एका बाईने फसवले, हे त्यांना सहन झाले नाही, असे मी समजतो. २०२५ मध्ये संस्थेने त्यांची क्षमा मागून सभासदत्व परत दिले.

हे सांगण्याचा उद्देश तुम्हाला घाबरवण्याचा नाही. दार उघडे असणे आणि आत खुर्ची मांडलेली असणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि खुर्ची आहे का हे दोन बैठका पाहुणी म्हणून बसल्याशिवाय कळणार नाही. बैठक दिवसाढवळ्या, पेठेच्या मध्यवस्तीत आणि शाळेच्या वर्गात भरते, हे चांगलेच आहे. पहिल्या दिवशी हवे तर मैत्रिणीला बरोबर न्या. तेथे गेल्यावर एकच गोष्ट नीट पाहा: तुमच्या हातातल्या प्रयोगावर कोणी बोलते, की तुम्हाला कोणाच्या तरी प्रयोगात पेटीत बसण्याचा आग्रह होतो. दुसऱ्याच बैठकीत “वहिनी, तुम्ही आमच्या मोठ्या कार्यक्रमात सहायक म्हणून या” असे ऐकू आले, तर आवडत असेल तरच जा, आणि सभासदत्वाच्या बदल्यात म्हणून तर मुळीच जाऊ नका.

त्या व्यावसायिक गृहस्थांचे बोलणे तुम्हाला लागले आहे, पण मी त्यांच्याच बाजूने थोडे बोलणार आहे. त्यांचे म्हणणे उद्धट असले तरी निराधार नाही. तुम्ही पत्रात एक उदाहरण दिले आहे, की एका मोठ्या हॉलमधल्या वाढदिवसाला तुम्ही पाऊण तास प्रयोग केलात आणि भेट म्हणून एक पैठणीची पर्स घेतलीत. त्या दिवशी हॉलचे भाडे कोणी माफ केले होते का? केटरर, सजावटवाला, फुगेवाला, फोटोग्राफर, सर्वांनी बिले दिली. बिल नव्हते ते फक्त तुमचे. यजमानांनी पुढच्या वेळी एखाद्या धंदेवाईक जादूगाराला विचारले तर त्याचा आकडा ऐकून ते म्हणणार, “अहो, मागच्या वेळी तर एक ताई सहज करून गेल्या.” तुमच्या पर्सचा भुर्दंड असा तिसऱ्याच माणसाला बसतो.

म्हणून माझ्यापुरता मी एक ठोकताळा मानतो, आणि तो गाणाऱ्या, मेंदी काढणाऱ्या, निवेदन करणाऱ्या हौशी वाचकांनाही लागू पडावा: जेथे इतरांना पैसे मिळत आहेत तेथे तुम्हीही घ्या, आणि चालू दरानेच घ्या, घरची मंडळी, भिशी, वृद्धाश्रम, इस्पितळातला मुलांचा कक्ष, येथे फुकट करा आणि मनमुराद करा. चालू दर किती, हे त्याच गृहस्थांना विचारा. मला वाटते, या एका प्रश्नाने तुमचे त्यांच्याशी जेवढे जमेल तेवढे महिनाभर गोड बोलून जमणार नाही. पैसे नको असतील तर घेऊन एखाद्या संस्थेला द्या, पण दर पाडू नका. आणि पैसे घेणार असाल तर आधी आपले नेमणूकपत्र उघडून नोकरीबाहेरच्या कमाईबद्दल काय लिहिले आहे ते पाहा. सरकारी सेवेतल्या वाचकांनी आपले वर्तणूक नियम पाहावेत.

एक मात्र त्या गृहस्थांनाही सांगावेसे वाटते. हौशी-व्यावसायिक ही भिंत ते ज्या वर्गात बसून घालतात, त्या वर्गात या धंद्याचा सर्वांत जुना व्यावसायिक कधीच नव्हता. वाट्यांखालचे गोळे गायब करणारा, टोपलीत पोर घालून तलवार खुपसणारा गारुडी मंडईच्या कडेला हीच हातचलाखी पोटासाठी करत असे, आणि १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने सार्वजनिक ठिकाणी खेळ दाखवून पैसे मागण्याला भीक मागण्याच्याच व्याख्येत बसवले. दर कोणामुळे पडले, या चर्चेत त्याचाही विचार व्हावा.

पतीच्या प्रश्नावर मी फार लिहीत नाही. “या वयात” हे शब्द बहुधा वयाबद्दल नसतात, रविवारबद्दल असतात. महिन्यातला एक रविवार, अमुक ते अमुक वेळ, जेवणाची सोय काय, हे ठरवून सांगा आणि आठ मिनिटांच्या प्रयोगाची वेळ मोजायला त्यांना घड्याळ घेऊन बसवा.

संघाचे कागद मात्र तुम्ही स्वतः पाहा. हिशेब विभागात काम करणाऱ्या बाईला हे सांगायला नको, पण माणूस आपल्या हौसेच्या ठिकाणी नेमका हिशेब विसरतो. संघ १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेला आहे का, घटना वाचायला मिळते का, वर्गणीची पावती क्रमांकासह मिळते का, मागच्या वर्षीचा लेखापरीक्षित ताळेबंद सभेपुढे ठेवला होता का, एवढे विचारा. नोंदणी नसली म्हणून संघ वाईट ठरत नाही, वीस मित्रांची बैठक अनौपचारिकही असू शकते. पण मग वर्गणी चहापाण्यापुरती असावी, आणि ‘प्रमाणपत्र’, ‘पदवी’, ‘पुरस्कार’ यांसाठी वेगळे पैसे मागितले जात असतील तर तेथून निघावे. संघाचे ओळखपत्र दाखवून कार्यक्रम मिळतील अशी जर कोणी आशा लावली असेल, तर तीही सोडा. यजमान ओळखपत्र पाहत नाहीत, मागचा कार्यक्रम कसा झाला ते पाहतात.

संघाच्या आचारसंहितेत आणखी दोन गोष्टी आहेत का पाहा. एक, कबुतरे आणि ससे: प्राणी वापरून जाहीर प्रयोग करायचे तर २००१ च्या नियमांप्रमाणे नोंदणी लागते, आणि या बाबतीत “सगळेच करतात” असे उत्तर देणाऱ्या संघाबद्दल माझे मत चांगले होणार नाही. दुसरी, दैवी शक्तीचा दावा. तुम्ही भिशीत पत्ता ओळखण्याचा प्रयोग केल्यावर एक बाई बाजूला घेऊन “माझ्या मुलीचे लग्न कधी जमेल ते सांगा” म्हणाल्या, असे तुम्ही गंमत म्हणून लिहिले आहे. मला ती गंमत वाटली नाही. ज्या शहरात २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि ज्या राज्यात त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला, तेथे प्रयोग करणाऱ्याने ही सीमा आपणहून आखली पाहिजे. बुवाबाजीतले चमत्कार हातचलाखीने करून दाखवत अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हेच काम गावोगाव करत आले आहेत. रहस्य सांगू नका, पण रहस्य आहे, हातचलाखी आहे, एवढे त्या बाईंना त्याच वेळी स्पष्ट सांगा. यासाठी कोणाचीही शपथ मोडत नाही.

मग जावे की न जावे? माझे मत जावे असे आहे, पण पाहुणी म्हणून, दोन बैठका, सही न करता. तेथे डावा खांदा दाखवणारे एखादे माणूस भेटले तर बाकीच्या गैरसोयी सोसण्यासारख्या आहेत. केवळ एकमेकांचे सत्कार आणि फोटो असतील, तर घरी परत या आणि तुमच्यासारखे तीन-चार हौशी शोधून एखाद्याच्या गच्चीवर महिन्यातून एकदा बसा. त्यात एक तरी माणूस तुमच्याहून जास्त येणारा असावा, एवढीच अट ठेवा.

आठ मिनिटांच्या प्रयोगासाठी तुम्ही सात प्रकारांची यादी पाठवली आहे. चार काढा. पत्त्यांचे सगळे काढा, कारण त्या वर्गात पत्ते सर्वांनाच येत असणार. बोहरी आळीतून आणलेल्या सुती दोरीचा तो प्रयोग, जो तुम्ही स्वयंपाकघरातली कात्री घेऊन आणि सासूबाईंच्या शिवणाच्या गोष्टीसह करता, तो मध्ये ठेवा, कारण ती गोष्ट दुसऱ्या कोणाकडे नाही. सुरुवात दहाच्या नाण्याने करा. चुकले तर थांबू नका आणि क्षमा मागू नका. ते सगळे तेथून शंभरदा गेलेले आहेत. प्रयोग संपल्यावर “कसे झाले?” असे विचारू नका, त्याचे उत्तर “छान” असेच येते. “माझी चोरी तुम्हाला कोठे दिसली?” असे विचारा आणि वही उघडून बसा.

चिटणिसांना पाठवायचे पत्र लांब नको. एवढे पुरे: “आपल्या निमंत्रणाबद्दल आभारी आहे. सभासदत्वाचा अर्ज करण्यापूर्वी पुढील दोन बैठकांना पाहुणी म्हणून उपस्थित राहण्याची अनुमती मिळावी. माझा तेरा वर्षांचा मुलगा माझ्या प्रयोगांत सहायक असतो व त्याला माझे सध्याचे प्रयोग ज्ञात आहेत. शपथेतील ‘संघाबाहेरील’ या शब्दाचा अर्थ त्याच्या बाबतीत कसा घ्यावा, हे कृपया लेखी कळवावे. त्याला बैठकीला आणता येत असल्यास तसेही कळवावे.” आणि हे पत्र पाठवण्यापूर्वी मुलाला वाचायला द्या, कारण त्याला यायचे आहे का, हे तुम्ही त्याला अजून विचारलेले दिसत नाही.